दोन बोटांचा उतार

बाळांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. एक लहानशी खोली आहे, सहा फूट रुंद, आठ फूट लांब. खाली नव्या करड्या फरशा, पाय घसरू नये म्हणून मुद्दाम खरखरीत निवडलेल्या. दाराला उंबरठा नाही. समोरच्या कोपऱ्यात फरशीत बसवलेली स्टीलची वाटोळी जाळी. तुमच्या हातात अर्धी भरलेली बादली आहे आणि दाराशी उभं राहून ती हळूच कलती करायला तुम्हाला सांगितलं आहे. करा. पाणी कुठे जाईल? जाळीकडे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे; पाण्याने जाळीकडे जावं म्हणूनच तर तीन माणसं इतके दिवस खपली होती. आता असं समजा, की पाणी दोन हात पुढे गेलं, काहीतरी विसरल्यासारखं थबकलं, आणि सावकाश मागे फिरून तुमच्याच पायांकडे यायला लागलं. घाबरू नका. या गोष्टीत कुणी घसरून पडत नाही. पण तुमच्या मागे एक बाई उभ्या आहेत, सहासष्ट वर्षांच्या, आणि ते पाणी तुमच्या पायांना वळसा घालून त्यांच्या पायांच्या बोटांपर्यंत पोचलं आहे. पुढची गोष्ट त्या बाईंच्या मनात घडते. आपण तिथेच जाऊन बसू.

"अज्जी," त्यांची नात रंजनी बादली तशीच धरून म्हणाली, "पाणी परत येतंय."

अंबुजाने खाली पाहिलं. पाणी गार होतं, आणि बुधवारच्या त्या उकडत्या सकाळी ते पायाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच तिला आधी लाज वाटली. मग पाणी तिच्या टाचांमागून हॉलमध्ये शिरलं, जुन्या लाल फरशीवरून झोपाळ्याच्या कडीखाली गेलं, आणि तिथे एका जागी साचून राहिलं. छातीत काहीतरी एकदम खाली गेलं, जिन्यावर शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. उद्या गुरुवार. उद्या दहा वाजता मुलगी जयश्री तंजावरच्या इस्पितळातून सेतुमाधवरावांना, अंबुजाच्या नवऱ्याला, घेऊन निघणार. गाडी ठरली होती. गाडीचं तोंड कुठे वळायचं तेवढं ठरायचं होतं. "आई, बुधवारी संध्याकाळी मज सांग," मुलीने बजावलं होतं, "बाथरूम तयार असेल तर घरास, कुंभकोणमास. नसेल तर मी बाबांस सरळ चेन्नैस नेत्यें. तिथे लिफ्ट आहे, माणूस ठेवता येतो." जयश्रीचं काही चूक नव्हतं. पण जयश्रीच्या चेन्नईतल्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरी एकदा गेलेले सेतुमाधवराव परत येणार नाहीत, हे अंबुजाला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय लुळा केला होता, जीभ नाही. फोनवर ते सावकाश, एकेक शब्द मोजून बोलले होते, "अंबू, मज पोरीच्या हातनं आंघोळ नको. परक्या माणसाच्या हातनं नको. माझं पाणी मी घेईन. तेवढं होत असेल तर घरास आण." बेचाळीस वर्षांत त्या माणसाने तिच्याकडे इतकं स्पष्ट काही मागितलं नव्हतं. कॉफीत साखर कमी पडली तरी ते न बोलता पीत.

वरच्या मजल्यावरची न्हाणी आता त्यांना उपयोगाची नव्हती; सतरा पायऱ्या. खालची जुनी परसात, तीन पायऱ्या उतरून. म्हणून हॉलला लागून असलेली कोठीची खोली. तिथे तांदळाचं पिंप होतं, लग्नातली पितळी भांडी होती, चिंचेची बरणी होती. ते सगळं हॉलच्या भिंतीशी मांडून ठेवताना तिला वाटलं होतं, आपण कुणाला तरी घराबाहेर काढतो आहोत. आधी एकाच ठेकेदाराला सगळं काम द्यायचं ठरलं होतं. तो आला, खोली पाहिली, हातातल्या फोनवर फोटो काढले, "करून टाकू" म्हणाला, आणि पुन्हा दिसला नाही. तेव्हा ती मनात म्हणाली, आपणच करू. एकोणतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. त्यातली बावीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक एकटीने मांडलं. अठ्ठावीस शिक्षिका, एकोणीस वर्ग, एकच प्रयोगशाळा, आणि शिवणाच्या बाई आठवड्यातून फक्त तीन दिवस येणार. जिला ते जमलं तिला एक गवंडी, एक सुतार आणि एक प्लंबर काय जड? तिने मोठा कागद घेतला, उभे-आडवे रकाने आखले, वर वार लिहिले, बाजूला माणसं. कागद देवघराच्या दाराला चिकटवला. रंजनीने चार रंगांच्या पेन्सिलींनी रकाने भरले. गवंडी हिरवा, सुतार तांबडा, प्लंबर निळा. चौथा पिवळा रंग रंजनीने अज्जासाठी, म्हणजे आजोबांसाठी, राखून ठेवला आणि शेवटच्या गुरुवारी एक पिवळं घर रंगवलं.

पण शाळेत घंटा असते. घंटा झाली की गणिताच्या बाई उठतात आणि तमिळच्या बाई आत येतात, मनात असो वा नसो. इथे घंटा कुणाजवळ नव्हती. प्लंबर कृष्णकुमार म्हणाला, जमीन फोडल्याशिवाय मी पाइप कुठे घालू? गवंडी रविशंकर म्हणाला, उंबरठा निघाल्याशिवाय मी जमीन कशी फोडू? आणि सुतारकाम करणारे म्हातारे आसारी चौकटीजवळ मांडी घालून बसले, त्यांनी उंबरठ्यावरून तळवा फिरवला, त्याच्यावरची हळदीची जुनी पिवळी झाक पाहिली आणि म्हणाले, "टीचर अम्मा, अग्नी नक्षत्र, हे कडक उन्हाचे अशुभ दिवस, संपल्याशिवाय मी याला हात लावणार नाही."

"अहो, बसवायचा नाही, काढायचाच आहे," अंबुजा म्हणाली होती.

"बसवणं हे काम, तसं काढणंही कामच. आणि करवत तर मी कधीच लावणार नाही. हा कोठीचा उंबरठा. यावर लक्ष्मी बसते."

"मग यांच्या पायाचं काय? चार इंच उचलत नाही हो पाय."

म्हाताऱ्याने चौकटीचा सांधा बोटाने चाचपला. बाहेर कुणीतरी केळीची पानं विकत ओरडत गेला. "उचलून देतो," शेवटी ते म्हणाले. "अख्खा. एक ढलपी पडू देणार नाही. पण अठ्ठावीस तारखेनंतर." आणि एकोणतीस तारखेच्या सकाळी त्यांनी खरंच तो सागवानी उंबरठा दाताच्या डॉक्टरने दात काढावा तितक्या अलगद चौकटीतून सोडवला, त्यावर हळद-कुंकू ठेवायला लावलं, आणि तो देवघरात भिंतीशी आडवा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गाडं चालू लागलं. आपल्या गावाहून, सुंदरपेरुमाळ कोयिलहून, रविशंकर सकाळच्या गाडीने यायचा, डोक्याला टॉवेल, डब्यात ताकभात. कृष्णकुमार फोनवर नेहमी दारासुरमला असायचा. "आलोच अम्मा, दारासुरम." शेजारच्याच दारासुरमहून कुंभकोणमला यायला माणसाला तीन दिवस लागतात हे अंबुजाला या वयात कळलं, आणि रंजनी तर फोन वाजला की आधीच पुटपुटायची, "दारासुरम."

तर अशा सगळ्यांतून हे पाणी उभं राहिलं होतं, हॉलमध्ये, झोपाळ्याखाली.

तिने दोघांना फोन केला. आवाज शांत ठेवला. वर्गात कुणी पडलं की ती असाच ठेवायची. रविशंकर निघालाच होता. कृष्णकुमारला ती म्हणाली, "दारासुरम म्हणू नकोस. वीस मिनिटांत ये, नाहीतर मी तुझ्या आईला फोन करीन. ती माझ्याच वर्गात होती." आणि वीस मिनिटांत तो आला. मग सुरू झालं. दोघे दारात उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"जाळी वर बसवलीस तू," रविशंकर म्हणाला.

"मी? खुणेपासून चार फूट मोजून बसवली. खूण तुझी."

"खूण माझी बरोबर. नळीने काढलेली आहे. मी पण त्याच खुणेपासून फरशी घातली."

"मग पाणी काय माझ्या सासऱ्याने उलटं वाहवलं?"

"तुझा सासरा काय करील ते सांगता येत नाही. तो पाइपसुद्धा विकत घेत नाही, मागून आणतो."

रंजनी खुदकन हसली आणि लगेच अंबुजाकडे पाहून गप्प झाली. अंबुजा हसली नव्हती. कारण ते दोघे हात करून ज्या भिंतीकडे दाखवत होते, तिकडे तिने पाहिलं होतं. समोरची भिंत. कमरेच्या वरपर्यंत पांढऱ्या फरशा, आणि त्यांच्या जराशा वर, सिमेंटच्या करड्या रंगावर, हळदीचा एक गोल डाग आणि त्यात कुंकवाचा ठिपका. समोर असून तो दिसेना, मग एकदम दिसला, आणि मग दुसरं काही दिसेना.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. सकाळी रविशंकरने पाण्याची नळी लावली होती. ही नळी तुम्ही पाहिली नसेल. लांबलचक, पारदर्शक, बोटाएवढी जाड. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक एका माणसाने इथे धरायचं, दुसरं दुसऱ्याने तिकडे. मध्ये भिंत असली तरी चालते. दोन्ही टोकांत पाणी हलतं, हेलकावतं, आणि मग थांबतं, आणि जिथे थांबतं ती दोन्हीकडची उंची एक. माणसांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण पाण्याला कळतं. तशी ती खूण पेन्सिलीने समोरच्या भिंतीवर काढून रविशंकर दुपारीच गावी गेला. त्याच्या शेतात रोपं लावायची होती, बोअरला पाणी होतं, मजूर मिळाले होते, तो थांबणार नव्हता. "सोमवारी येतो अम्मा. त्या खुणेपासून चार फूट खाली जमीन. प्लंबरला सांगा." आणि संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला ती हळद-कुंकवाची वाटी घेऊन निघाली, दर शुक्रवारी निघायची तशी. आधी बाहेरचं दार, मग देवघराची चौकट, मग कोठी. कोठीत पिंप ज्या भिंतीला टेकलेलं असायचं त्या भिंतीवर पिंपाच्या वर हळदीचं बोट आणि कुंकू. ही लग्नापासूनची सवय, सासूबाईंच्या बोटापासून तिच्या बोटात आलेली. पिंप हलवलं होतं. उंबरठा निघाला होता. खोलीत वाळू होती, पोतं होतं, पाइपचे तुकडे होते. पण शुक्रवार होता. त्याच वेळी कानाला फोन होता, तंजावरचे डॉक्टर बोलत होते, डाव्या पायात थोडी ताकद येते आहे, घोट्यात नाही, पण मांडीत येते आहे, आणि ती "हो, हो" म्हणत ओल्या फडक्याने भिंत पुसत होती, कारण हळद लावण्याआधी जागा पुसतात. पेन्सिलीची एक रेघ होती. ती पुसली गेली हे तिला तेव्हा कळलं की नाही? हे तिला आता सांगता येईना. बहुधा कळलं, आणि मांडीत ताकद येते आहे या वाक्याने ते कळणं बाजूला ढकललं. मग तिने बोट हळदीत बुडवलं आणि नेहमीच्या उंचीवर ठेवलं. तिच्या हाताला सवय असलेल्या उंचीवर. दोन बोटं वर.

आणि सोमवारी रविशंकरने आत येऊन पाहिलं, त्याची रेघ नव्हती, तिच्या जागी कुंकू होतं. त्याला वाटलं असणार, अम्मांनी खुणेला मान दिला. त्याच्या गावी नवी जमीन घालताना खुणेला कुंकू लावतातच. त्याआधी शनिवारी कृष्णकुमारने त्याच कुंकवापासून चार फूट मोजून जाळी बसवली. दोघांनी एकमेकांच्या आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून बरोबर काम केलं होतं. आठ फुटांत दोन बोटं. एवढ्यानेच पाण्याने तोंड फिरवलं.

कुणाला कळणार नव्हतं. हा विचार तिला आला, आणि तो किती सहज आला याने ती दचकली. हे दोघे आणखी थोडा वेळ भांडतील, मग कंटाळतील, मग फरशी उचलतील. ठिपका कुणाच्या ध्यानात नाही. तिने फक्त पदराने तो पुसायचा. पूर्वी एकदा असं झालं होतं. शाळेत, जून महिन्यात, तिच्या वेळापत्रकात सहावी ब मध्ये एकाच तासाला दोन शिक्षिका जाऊन उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या वर्गात कुणीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या वर्गात दोन मुलींची मारामारी होऊन एकीचं कपाळ फुटलं. मुख्याध्यापिकांनी कारकून तुकोजींना बोलावलं. तुकोजी मोठे प्रामाणिक, तंजावरच्या जुन्या घराण्यातले, हिच्याशी घरचं मराठी बोलणारे. त्यांनी वेळापत्रक फक्त टाइप केलं होतं. चूक तिच्या कागदातच होती. कागद तिच्या पर्समध्ये होता. ती पर्स मांडीवर घेऊन बसली आणि मुख्याध्यापिका तुकोजींना बोलत राहिल्या. संध्याकाळी ती त्यांच्या टेबलाशी गेली तर तेच म्हणाले, "राहूं द्या टीचर. झालें तें झालें." एवढंच. त्यांना माहीत होतं. पुढे सात वर्षं ते रोज सकाळी तिला नमस्कार करायचे, आणि रोज सकाळी तिला वाटायचं, आज सांगू. मग ते निवृत्त होऊन तिरुनीलक्कुडीला गेले, आणि मग वारल्याचं कळलं. मुलींना ती दर वर्षी पहिल्या तासाला सांगायची, उदाहरण चुकलं तर खोडू नका, त्याच्यावर एक आडवी रेघ मारा, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसत राहतं. मुली मान डोलवायच्या.

तिने वळून पाहिलं. रंजनी दाराशी, बादली पोटाशी धरून उभी. ती भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत होती. शुक्रवारी वाटी तिनेच धरली होती. नऊ वर्षांच्या त्या पोरीने ठिपक्याकडे पाहिलं, अज्जीकडे पाहिलं, परत ठिपक्याकडे पाहिलं, आणि मग अगदी मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागली, जसं काही तिथे कावळा होता. कावळा नव्हता. पोरीला कळलं होतं. पोरगी बोलणार नव्हती. पोरगी तिला झाकत होती, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईसारखी नाही, तुकोजींसारखी. राहू द्या टीचर.

"थांबा," अंबुजा म्हणाली. "दोघेही थांबा. खूण मी पुसली."

रविशंकर आणि कृष्णकुमार वळले.

"शुक्रवारी. पुसली, आणि तिथे कुंकू लावलं. तुमच्या खुणेवर नाही, माझ्या सवयीच्या जागी. दोन बोटं वर आहे ते. तुमच्या दोघांचं काम बरोबर आहे. चूक माझी."

झोपाळ्याची कडी वाऱ्याने एकदा कुरकुरली. मग रविशंकर भिंतीजवळ गेला, ठिपक्याला नाक टेकावं इतक्या जवळून पाहू लागला, आणि त्याच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. तो हसत होता.

"अम्मा," तो म्हणाला, "सोमवारी मी या ठिपक्याला नमस्कार केला. दोन्ही हातांनी. मनात म्हटलं, बघ, शिकलेल्या बाईला कामाची किती कदर. घरी बायकोला पण सांगितलं."

"मी पण केला असता," कृष्णकुमार म्हणाला, "पण माझ्या हातात पाइप होता."

"तुझ्या हातात फोन असतो. दारासुरम."

आणि मग अंबुजाही हसली, आधी नाकातून, मग सगळीच, भिंतीला हात टेकून. डोळ्यांत पाणी आलं ते तिने पदराने टिपलं. छातीत खाली गेलेलं ते काहीतरी परत जागेवर येऊन बसलं होतं, आणि त्याच्याबरोबर आणखी एक फार जुनं ओझं, जे रोज सकाळी नमस्कार घेत होतं, तेही थोडं सैल झालं. सगळं नाही. पण थोडं.

"होईल का आज?" तिने विचारलं.

रविशंकरने फरशांवर हातोडीच्या दांड्याने टकटक केलं. "परवा घातल्या आहेत, अजून ओलसर आहेत, निघतील. पलीकडच्या चार ओळी उचलू. कृष्णकुमार पाइप दोन बोटं कापील. नवी खडी नाही घालायची, आहे तीच खरवडायची. चार वाजेपर्यंत." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नळी धरायला माणूस हवा. माझा गडी शेतात आहे."

"मी धरत्यें," रंजनी म्हणाली.

दुपारभर ते चाललं. ऊन परसातल्या तगरीवर पांढरं झालं होतं. अंबुजा त्यांना कॉफी देत होती, आणि मधूनच दारात उभी राहत होती, आणि कुणी तिला जा म्हणत नव्हतं. रंजनी हॉलमध्ये नळीचं टोक दोन्ही हातांनी भिंतीला लावून उभी होती, ओठ दाबून, श्वाससुद्धा मोजून, आतून रविशंकर ओरडायचा, "हलवू नकोस कण्णा, पोरी! थांबलं का पाणी?" आणि ती आतल्या माणसाला न पाहता ओरडायची, "अजून हलतंय! हलतंय! ... थांबलं!" ते "थांबलं" ऐकताना अंबुजाला दर वेळी वाटे, हे आपण पूर्वी कुठेतरी ऐकलं आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षी ते बाहेरच्या खोलीत वाचत बसायचे, ती आत स्वयंपाकघरात. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, बोलायलाही लाज वाटायची, आणि तरी तिने भाताखालचा गॅस बंद केला की बाहेर पुस्तक मिटल्याचा आवाज यायचा. तिने याबद्दल त्यांना कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. आता ते घरी आले की विचारायचं, असं तिने ठरवलं, आणि मग ठरवणंच सोडून दिलं; पोळ्या करायच्या होत्या.

चार नाही, पावणेपाच वाजले. रंजनीने बादली आणली, दाराशी उभी राहिली आणि अंबुजाकडे पाहिलं. अंबुजाने मान हलवली. पाणी गेलं. दोन हात गेलं, जिथे सकाळी थबकलं होतं तिथे थबकलं नाही, पुढे सरकलं, भिंतीच्या कडेने वळलं, जाळीजवळ जमा झालं आणि घशातल्यासारखा एक आवाज करून खाली उतरलं. कृष्णकुमार जाळीला कान लावून बसला होता. "जातंय," तो म्हणाला, जसं काही कुणाला निरोप देत होता. अंबुजाने जयश्रीला फोन लावला. "ये," एवढंच तिला म्हणता आलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "कां गे आई, रडतेस?" "रडत नाही. कांदा चिरत्यें." हातात कांदा नव्हता.

भिंतीवरचा ठिपका तसाच होता. रविशंकरने विचारलं, पुसू का? तिने नको म्हटलं. त्याच्या दोन बोटं खाली रविशंकरची नवी पेन्सिलीची रेघ होती. दोन्ही राहू देत.

आता एक सांगायचं राहिलं. मधल्या त्या रविवारी जयश्री रंजनीला अज्जाला भेटायला तंजावरला घेऊन गेली होती. परत आल्यापासून घरी आणून ठेवलेल्या नव्या वॉकरला धरून पोरगी हॉलभर चालायची, डावा पाय मागे ओढत, फरशीवर घसटत. मंगळवारी अंबुजा तिच्यावर ओरडली होती. "अज्जाची नक्कल करतेस? शोभतं कां तुज?" रंजनीने वॉकर कोपऱ्यात ठेवला होता. अंबुजाला ते ओरडणं बुधवारी आठवलं नाही, बुधवारी फार काही होतं. ते तिला गुरुवारी आठवलं.

गुरुवारी सव्वाअकरा वाजता गाडी आली. सेतुमाधवराव बारीक झाले होते, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल होती, पण दाढी केली होती. स्वतः केली असावी, हनुवटीखाली थोडी राहिली होती. जयश्रीने त्यांना बाहेरच्या दाराच्या उंबरठ्यावर टाकलेल्या फळीवरून आत आणलं. त्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं, भिंतीशी मांडलेल्या पितळी भांड्यांकडे पाहिलं, अंबुजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोठी बाहेर आली कीं."

"तुम्ही आत जायचं म्हणून," अंबुजा म्हणाली.

"आधी तिथेच. प्रवासाचं अंग आहे."

वॉकर टकटक करत ते न्हाणीपर्यंत गेले. आणि दाराशी थांबले. अंबुजाने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचा डावा पाय थरथरत होता, उचलायचा प्रयत्न करत होता. तिथे उचलायला काही नव्हतं. उंबरठा देवघरात होता, जमीन एका पातळीत होती, पण बेचाळीस वर्षं ते पाऊल या दारात उचललं गेलं होतं, आणि पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं. उचलता येईना. न उचलता पुढे टाकायला मन होईना. त्यांच्या कानामागे घाम आला. "अंबू," ते खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्या आवाजात चेन्नई होती. जयश्री हात द्यायला पुढे झाली. अंबुजाने तिचं मनगट धरलं. सांगून काही होणार नव्हतं. उंबरठा नाही, हे त्यांना दिसत होतंच.

तेव्हा रंजनी वॉकरच्या आणि चौकटीच्या मधून अंग चोरून पुढे शिरली. अज्जाकडे पाठ करून ती दारात उभी राहिली. तिने कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. उजवा पाय पुढे टाकला, आणि डावा पाय न उचलता, तळवा जमिनीला घासत, चौकटीच्या त्या रिकाम्या जागेवरून सरर्कन आत ओढला. मग परत उजवा, आणि परत डावा घासत. आणि तिच्या मागे अज्जाची टाच तश्शीच घसटत आली, तेव्हा मागे वळून न पाहता ती चालतच राहिली, थेट जाळीपर्यंत.